गाण्यासाठी फायरवॉलचा बळी नको

घरात नवा वायरलेस स्पीकर येतो. फोनवरून गाणी लगेच वाजतात, लॅपटॉपवरून मात्र काही केल्या वाजत नाहीत. स्पीकरचे नावच यादीत दिसत नाही, किंवा नाव दिसते आणि आवाज येत नाही. मग कोणीतरी सांगते, "फायरवॉल बंद करून बघा." ती बंद होते, गाणे सुरू होते आणि प्रश्न सुटला असे सगळे धरून चालतात. हा सल्ला दुकानदार देतो, स्पीकर बसवायला आलेला मुलगा देतो, हेल्पलाइनवरून बोलणारा देतो, व्हिडिओतून समजावून सांगणारेही देतात. इतक्या तोंडून तो ऐकू येतो की लोकांना ती दुरुस्तीची अधिकृत पायरीच वाटू लागली आहे. हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते एकेक करून तपासले तर त्यांतला एकही पुरता टिकत नाही, हे मला इथे दाखवायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: लॅपटॉपवरून घरातल्या स्पीकरवर गाणे पाठवण्यासाठी फायरवॉलमध्ये दोन-तीन नेमक्या वाटा उघडाव्या लागतात, त्याही फक्त घरातल्या उपकरणांसाठी आणि फक्त घरच्या वायफायवर. तेवढ्या उघडल्या की गाणे वाजते. त्यापलीकडे जे उघडले जाते ते काम टाळण्यासाठी उघडले जाते, आणि त्या टाळाटाळीची किंमत सल्ला देणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही. ती संगणकाच्या मालकाच्या गळ्यात पडते.

‘फायरवॉल उगाच आडवी येते’

पहिला आक्षेप असतो तो फायरवॉलच्या अकलेवर. लॅपटॉप माझा, स्पीकर माझा, वायफाय माझे, मग ही मध्ये का पडते? गाणे लॅपटॉपमधून स्पीकरपर्यंत कसे पोहोचते ते नीट पाहिले, तर फायरवॉलने तिला नेमून दिलेले कामच केले आहे हे लक्षात येते.

घरगुती संगणकावरच्या फायरवॉलचा मूळ नियम साधा आहे. संगणकाने स्वतः कोणाशी संपर्क साधला असेल तर त्याचे उत्तर आत येऊ द्यायचे. समोरून कोणी आपणहून संपर्क साधू पाहिला, तर परवानगी असल्याशिवाय येऊ द्यायचे नाही. वर्तमानपत्राची साइट उघडणे, ईमेल वाचणे, सिनेमा पाहणे ही सगळी कामे पहिल्या प्रकारात मोडतात, म्हणून ती करताना फायरवॉलची आठवणसुद्धा होत नाही. वायरलेस ऑडिओचे तसे नाही.

एअरप्लेचे उदाहरण घेऊ. अ‍ॅपलने २००४ मध्ये एअरपोर्ट एक्स्प्रेस या उपकरणाबरोबर हे तंत्र एअरट्यून्स या नावाने आणले, २०१० मध्ये त्याला एअरप्ले हे नाव मिळाले, आणि आज कितीतरी कंपन्यांच्या स्पीकरमध्ये ते असते. लॅपटॉपला आधी स्पीकर सापडायला हवा. त्यासाठी तो एमडीएनएस या पद्धतीने सगळ्या घराला एक प्रश्न विचारतो: एअरप्लेचा स्पीकर कोणी आहे का? हा प्रश्न यूडीपी या पाठवणीच्या पद्धतीने ५३५३ या पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकाची क्रमांक दिलेली वाट), २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर जातो. उत्तर मात्र येते स्पीकरच्या स्वतःच्या पत्त्यावरून, समजा १९२.१६८.१.२० वरून. त्या पत्त्याला आपण काही विचारले होते, अशी नोंद फायरवॉलकडे नसते. तिच्या दृष्टीने हे न मागवलेले पॅकेट असते आणि वेगळा नियम नसेल तर ती ते टाकून देते. स्पीकरचे नाव यादीत येत नाही ते यामुळे.

नाव आले तरी काम संपत नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत मोजलेला असतो. एअरप्लेच्या मूळ पद्धतीत एका पॅकेटमध्ये ३५२ नमुने जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे १२५ पॅकेट. कोणता नमुना कोणत्या क्षणी वाजवायचा हे ठरवण्यासाठी स्पीकरला लॅपटॉपच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे लागते, म्हणून तो लॅपटॉपला पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहतो. वाटेत एखादे पॅकेट हरवले तर तेही परत मागतो. इथे विचारणारा स्पीकर असतो आणि उत्तर देणारा लॅपटॉप. लिनक्सवरच्या पाइपवायर या ध्वनिप्रणालीत या दोन कामांसाठी यूडीपीची ६००१ आणि ६००२ ही पोर्ट लागतात. ती बंद असली की स्पीकर जोडला गेल्यासारखा वाटतो, पडद्यावर गाणे पुढे सरकताना दिसते, पण ऐकू काहीच येत नाही.

इतर पद्धतींतही मूळ गोष्ट हीच आहे. व्हीएलसीमधून लॅपटॉपवरची फाइल क्रोमकास्टकडे पाठवली की व्हीएलसी लॅपटॉपवरच ८०१० या पोर्टवर एक छोटा सर्व्हर सुरू करतो, आणि क्रोमकास्ट तिथे येऊन गाणे घेऊन जातो. डीएलएनएमध्ये उपकरणांचा शोध यूडीपीच्या १९०० या पोर्टवर चालतो, आणि मिनीडीएलएनए हा सर्व्हर ८२०० वरून गाणी पुरवतो. स्क्वीझबॉक्सच्या सर्व्हरला ९००० आणि ३४८३ लागतात. या सगळ्यांत वापरणाऱ्याला वाटते की आपण गाणे ‘पाठवतो’ आहोत. प्रत्यक्षात लॅपटॉप तेवढ्या वेळापुरता दुसऱ्यांना सेवा देणारा सर्व्हर झालेला असतो. सेवा सुरू झाली, पण ती कोणासाठी आहे हे फायरवॉलला कोणी सांगितलेच नाही. न सांगितल्याबद्दल तिला मूर्ख ठरवून बंद करणे हा न्याय नव्हे.

‘राउटर आहे ना, मग कसली भीती?’

फायरवॉल बंद करा म्हणणाऱ्यांकडे हा सर्वात वजनदार मुद्दा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात, घरचा राउटर बाहेरून येणारे संपर्क अडवतोच. मग त्याच्या आत असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक फायरवॉल कशाला?

राउटर बाहेरच्या जगापासून बऱ्यापैकी संरक्षण देतो हे खरे आहे. पण धोका फक्त बाहेरून येतो, हे गृहीतक इतिहासाने अनेकदा खोटे पाडले आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, १३५ या पोर्टमधून विंडोजच्या संगणकांत पसरला. त्या वेळी विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे. बाहेरून ज्या संगणकापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते, त्याला बाधा व्हायलाही आतला एखादा बाधित लॅपटॉप पुरेसा ठरत होता. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आणला आणि त्यात फायरवॉल आपोआप सुरू राहील अशी व्यवस्था केली. ती सुरू ठेवण्यामागे हा अनुभव आहे. आज तीच फायरवॉल गाण्यासाठी बंद करा म्हणणारे त्या अनुभवावर पाणी ओततात.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुरुवात केली आणि तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. न्हावाशेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. बाहेरून तो एकाच वाटेने आला होता. नंतर जे नुकसान झाले ते आतल्या आत, एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर जाताना झाले. त्यासाठी त्याने चोरलेले पासवर्ड वापरले आणि विंडोजच्या फाइल शेअरिंगचे ४४५ हे पोर्टही वापरले. राउटर या आतल्या प्रवासात कुठेच नसतो. तिथे उभी असते ती फक्त प्रत्येक संगणकावरची फायरवॉल.

घरातले चित्रही आता वेगळे आहे. एका वायफायवर टीव्ही, कॅमेरा, दिवे, फोन आणि स्पीकर असतात. यातला प्रत्येक जण स्वतः एक संगणक आहे, आणि त्यांतल्या अनेकांना विकल्यानंतर अपडेट फारसे मिळत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये ऑलिगो या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘एअरबोर्न’ या नावाखाली एअरप्लेमधल्या त्रुटी जाहीर केल्या. त्यांनी अ‍ॅपलला २३ त्रुटी कळवल्या होत्या. त्यांतल्या काही इतक्या गंभीर होत्या की एकाच वायफायवर असलेल्या हल्लेखोराला, मालकाने कुठेही क्लिक न करता, स्पीकरवर स्वतःचा प्रोग्राम चालवता आला असता. एअरप्ले स्वीकारण्याची सोय सगळ्यांसाठी खुली ठेवलेल्या मॅकवरही तसे करणे शक्य होते. अ‍ॅपलने आपल्या उपकरणांसाठी दुरुस्ती दिली. पण ज्यांत हे तंत्र बाहेरून घेऊन बसवले आहे अशा इतर कंपन्यांच्या प्रत्येक स्पीकरपर्यंत ती पोहोचेल, याची खात्री कोण देणार? संशोधकांच्या सूचनांत अपडेट करा ही एक होती, आणि एअरप्लेचे ७००० हे पोर्ट फक्त विश्वासातल्या उपकरणांपुरते मर्यादित ठेवणारे फायरवॉलचे नियम लिहा ही दुसरी. ज्या स्पीकरसाठी लॅपटॉपची फायरवॉल बंद करायला सांगितली जाते, तो स्पीकरच कधीतरी हल्ल्याचे ठिकाण होऊ शकतो. तो राउटरच्या आत असल्यामुळे तिथून होणारा हल्ला राउटर अडवणारही नाही.

राउटरच्या भरवशाबद्दल आणखी दोन गोष्टी. भारत आज आयपीव्ही६ वापरण्यात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला इंटरनेटवर पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळतो. जुन्या पद्धतीत एकाच पत्त्यामागे सगळे घर लपत असल्यामुळे जे संरक्षण आपोआप मिळत होते, ते इथे तसे मिळत नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६ साठीची फायरवॉल चालू आहे का, यावर ते अवलंबून राहते आणि फार थोडी घरे ते तपासतात.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. लॅपटॉप घरात बसून राहत नाही. तो कॉलेजात जातो, ऑफिसात जातो, कॅफेत उघडतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर सुरू झालेले मोफत वायफाय पुढे देशभरच्या शेकडो स्थानकांवर पोहोचले. शनिवारी संध्याकाळी गाण्यासाठी बंद केलेली फायरवॉल सोमवारी सकाळी स्थानकावरही बंदच असते, कारण ती पुन्हा सुरू करायची आठवण कोणी करून देत नाही. आणि तिथे घरचा राउटर सोबत नसतो.

‘माझ्या गाण्यांत कोणाला रस असणार?’

हा युक्तिवाद नम्र वाटतो, पण तो चुकीच्या प्रश्नाला उत्तर देतो. फायरवॉल बंद केली की फक्त गाण्यांची वाट मोकळी होत नाही. त्या संगणकावर जे जे ऐकत बसले आहे ते सगळे मोकळे होते: फाइल शेअरिंग, प्रिंटर, दूरून पडदा पाहण्याची सोय, कधीतरी बसवलेला आणि आता विसरलेला एखादा प्रोग्राम. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, आधार आणि पॅनच्या प्रती असतात, मुलांचे फोटो असतात.

शिवाय पसरणारे वर्म माणूस पाहून निवड करत नाहीत. ते एका टोकापासून पत्ते तपासत जातात आणि जिथे वाट मिळेल तिथे शिरतात. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या वर्मने जगभरात जे संगणक बंद पाडले, त्यांच्या मालकांत कोणाला खास रस होता म्हणून ते निवडले गेले नव्हते. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती बसवायची राहिलेल्या आणि ४४५ उघडे असलेल्या प्रत्येक यंत्राला धोका सारखाच होता.

‘सामान्य माणसाला हे जमणार नाही’

या मुद्द्याचा मला सर्वात जास्त राग येतो, कारण तो लोकांच्या बाजूने बोलतो आहे असे भासवून त्यांना कमी लेखतो. ज्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकून घेतले, ऑनलाइन फॉर्म भरले, सातबारा उतरवून घेतला, त्यांना तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत असे समजायचे कारण काय? फायरवॉलच्या नियमात एवढेच असते: कोणत्या प्रोग्रामला किंवा पोर्टला परवानगी, कोणाकडून आलेल्या संपर्कासाठी, आणि कोणत्या नेटवर्कवर असताना.

विंडोजपासून सुरुवात करू. सेटिंग्जमध्ये घरच्या वायफायच्या माहितीत जाऊन ते ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते पाहा. विंडोज नव्या वायफायला सहसा पब्लिक धरते, आणि तसे असताना बहुतेक उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. फक्त घरचे वायफाय प्रायव्हेट करा. कितीतरी घरांत एवढ्यानेच प्रश्न सुटतो. सुटला नाही तर विंडोज सिक्युरिटीमधल्या फायरवॉलच्या पानावर जाऊन ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’ या यादीत गाण्याच्या प्रोग्रामपुढे प्रायव्हेटची खूण करा, पब्लिकची करू नका. प्रोग्रामला परवानगी देणे पोर्टला देण्यापेक्षा बरे, कारण तो प्रोग्राम बंद असताना ती वाट कोणाच्याच उपयोगाची नसते, आणि काही प्रोग्राम दर वेळी वेगळे पोर्ट घेतात.

इथे एक सापळा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा विंडोज परवानगी विचारणारी खिडकी दाखवते. घाईत तिथे ‘कॅन्सल’ दाबले की विंडोज त्या प्रोग्रामला अडवणारे नियमच लिहून ठेवते. विंडोजमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या नियमाला हरवतो. नंतर कितीही परवानग्या दिल्या तरी गाणे वाजत नाही, आणि माणूस वैतागून फायरवॉलच बंद करतो. अशा वेळी ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधल्या ‘इनबाउंड रूल्स’ या यादीत त्या प्रोग्रामच्या नावापुढची लाल खूण शोधायची आणि तो नियम काढून टाकायचा. तिथेच नव्या नियमाच्या ‘स्कोप’ या भागात ‘लोकल सबनेट’ निवडले की परवानगी फक्त घरातल्या उपकरणांपुरती राहते. या सगळ्याला लागणारा वेळ हेल्पलाइनवर ताटकळण्यापेक्षा कमी आहे.

लिनक्सवर फायरवॉल-डी असेल तर प्रत्येक वायफायला एक ‘झोन’ देता येतो. घरच्या वायफायला ‘होम’ झोन द्या. त्यात एमडीएनएस आधीच मोकळे असते. मग त्याच झोनमध्ये यूडीपीची ६००१ आणि ६००२ जोडा. लॅपटॉप दुसऱ्या वायफायवर गेला की हे नियम तिथे लागू होत नाहीत. यूएफडब्ल्यू वापरत असाल तर तीच परवानगी घरच्या पत्त्यांपुरती देणारी एक ओळ पुरते. मॅकवर फायरवॉलच्या पर्यायांत ‘ब्लॉक ऑल इनकमिंग कनेक्शन्स’ चालू आहे का पाहा. ते चालू असेल तर मॅकवर बाहेरून गाणे येऊच शकत नाही. ते बंद करून फायरवॉल मात्र चालू ठेवा, आणि एअरप्ले स्वीकारण्याची परवानगी ‘करंट यूजर’पुरती ठेवा.

याच मुद्द्यावर जाणकारांचाही एक पक्ष आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. २०१४ च्या अखेरीस आलेल्या फेडोरा २१ या लिनक्स प्रणालीच्या वर्कस्टेशन आवृत्तीत फायरवॉल चालू ठेवून १०२५ ते ६५५३५ ही सगळी पोर्ट मोकळी ठेवली गेली. त्या निर्णयावर तेव्हा बरीच खडाजंगी झाली. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: गाणी, फाइल, खेळ अडू लागले की लोक फायरवॉलच काढून टाकतात, त्यापेक्षा खालची महत्त्वाची पोर्ट तरी सुरक्षित राहू द्यावीत. फायरवॉल पूर्ण बंद करण्यापेक्षा हे निश्चित चांगले. तरीही मला ते मान्य नाही. दोन पोर्टची गरज असताना साठ हजारांहून अधिक मोकळी सोडली, तर वापरणाऱ्याला काय घडले ते कधी कळतच नाही, आणि वरच्या पोर्टवर बसलेला एखादा ढिसाळ प्रोग्राम सगळ्यांना उपलब्ध होतो. उलट निक्सओएस या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या लोकांनी काय केले पाहा. त्यांनी पाइपवायरच्या एअरप्लेसाठी एकच पर्याय दिला. तो चालू केला की ६००१ आणि ६००२ एवढीच दोन पोर्ट उघडतात. काम सोपेही झाले आणि नेमकेही राहिले. सोपेपणासाठी नेमकेपणा सोडावा लागतो, हे म्हणणे इथेच खोटे ठरते.

‘पोर्ट उघडूच नका, ब्लूटूथ वापरा’

दुसऱ्या टोकालाही काही लोक उभे आहेत. त्यांना पोर्ट उघडणे हाच धोका वाटतो. ते म्हणतात, गाण्यासाठी एवढा खटाटोप नकोच. त्यांची सावधगिरी मला आवडते, पण त्यांची गल्लत होते आहे. राउटरवर पोर्ट उघडणे आणि लॅपटॉपवर पोर्ट उघडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. राउटरवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केले की ती वाट साऱ्या जगासाठी उघडते. घरातल्या घरात गाणे वाजवायला त्याची काडीचीही गरज नाही, आणि कोणी तसे करायला सांगितले तर स्पष्ट नाही म्हणा. जानेवारी २०१९ मध्ये हजारो क्रोमकास्टवर अनोळखी लोकांनी स्वतःचा व्हिडिओ वाजवला, कारण राउटरच्या यूपीएनपी सोयीमुळे त्यांची ८००८ आणि ८००९ ही पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला दिसत होती. राउटरवरची आपोआप पोर्ट उघडणारी ती सोय लागत नसेल तर बंद ठेवावी, हा त्यातला धडा आहे.

लॅपटॉपवर घरच्या सबनेटपुरते उघडलेले पोर्ट या प्रकारात मोडत नाही. ते फक्त तुमच्या वायफायवरच्या उपकरणांना दिसते. ब्लूटूथ हा काही वेळा चांगला पर्याय आहे, पण त्याचा पल्ला एका खोलीच्या आसपास संपतो आणि अनेक खोल्यांत एकाच वेळी गाणे वाजवणे त्याला अवघड जाते. सुरक्षित मार्ग उपलब्ध असताना लोकांनी आवडती सोय सोडून द्यावी, असे सांगण्याचे कारण नाही.

दोष नेहमी फायरवॉलचाच नसतो

फायरवॉल बंद करूनही गाणे वाजत नाही, असे कितीतरी वेळा घडते. तेव्हा तरी तिला निर्दोष मानायला हवे. काही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ नावाचा पर्याय असतो. तो चालू असला की वायफायवरची उपकरणे एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. स्पीकर ‘गेस्ट’ वायफायवर आणि लॅपटॉप मुख्य वायफायवर असला तरी तेच होते. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर घरातल्या पत्त्यांकडे जाणारी वाट तो बंद करू शकतो. अँटीव्हायरसच्या पॅकेजसोबत आलेली दुसरी फायरवॉल असेल तर विंडोजच्या नियमांना काही अर्थ उरत नाही. नियम त्या दुसरीत लिहावे लागतात. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर त्याच्या नियमांना हात लावू नका, तो अधिकार ऑफिसच्या आयटी विभागाचा आहे.

दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी घरच्या वायफायवर मिनिटभर फायरवॉल बंद करून पाहणे चालेल. गाणे वाजले तर नियम लिहायचा आहे हे कळले, आणि फायरवॉल लगेच सुरू करायची. माझे भांडण या तपासणीशी नाही. तपासणी संपल्यावर ती तशीच सोडून ‘चालतंय ना आता’ म्हणणाऱ्यांशी आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालून देणारा वायरमनही हेच म्हणतो. दिवे लागतात हे खरे, पण घराचे संरक्षण त्याने काढून घेतलेले असते.

जबाबदारी कोणाची?

आतापर्यंत मी वापरणाऱ्याने काय करावे ते सांगितले. पण या गोंधळाचा मोठा वाटा बनवणाऱ्यांच्या पदरात जातो. स्पीकरच्या खोक्यात अनेक भाषांत छापलेली माहितीपत्रिका असते. तिच्यात विजेचा दाब असतो, वॉरंटीच्या अटी असतात, पण तो कोणत्या पोर्टवर, कोणत्या दिशेने, टीसीपीने की यूडीपीने बोलतो हे बहुधा नसते. ही माहिती चार ओळींत मावते. ती छापली तर बसवायला येणाऱ्या मुलालाही अंदाजाने काम करावे लागणार नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी बसवतानाच नेमका नियम, तोही घरच्या नेटवर्कपुरता, लिहून द्यावा आणि प्रोग्राम काढताना तो काढून घ्यावा. हे जमते, हे काही प्रकल्पांनी करून दाखवले आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान आपल्या मदतनीसांना ‘फायरवॉल बंद करा’ हे वाक्य वापरायला मनाई करावी.

कारण तो सल्ला फुकट पडत नाही. त्यातून माणूस एक चुकीची गोष्ट शिकतो: सुरक्षा ही अडचण आहे आणि अडचण आली की ती काढून टाकायची. उद्या तोच माणूस अपडेट थांबवतो, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, बँकेच्या साइटने दिलेला इशाराही न वाचता पुढे जातो. उलट ज्याने एकदा स्वतः नियम लिहिला, त्याला आपल्या संगणकात कोण येते आणि का येते हे समजते. पुढच्या खेपेला प्रिंटर अडला किंवा टीव्ही सापडला नाही, तर तो त्याच तीन प्रश्नांपासून सुरुवात करतो.

म्हणून यापुढे कोणी फायरवॉल बंद करायला सांगितले, तर त्याला विचारा: कोणते पोर्ट, कोणासाठी आणि कोणत्या नेटवर्कवर? ज्याला उत्तर देता येते त्याच्याकडून नियम लिहून घ्या आणि तो कसा लिहिला ते शिकूनही घ्या. ज्याला देता येत नाही, त्याच्या हाती आपला संगणक सोपवू नका.